तात्यांची उभी गाडी

विम्याच्या व्यवहारात तीन माणसं असतात. पहिला गाडीचा मालक, दुसरी कंपनी आणि तिसरे तुम्ही. तुमचं नाव पॉलिसीवर नसतं, तुम्ही कुठं सही केलेली नसते, मालक तुम्हाला ओळखत असतो असंही नाही. तुमचा संबंध इतकाच, की गाडी रस्त्यावर आहे आणि तुम्हीही रस्त्यावर आहात. उद्या त्या गाडीनं तुम्हाला उडवलं तर तुमच्या हातापायांची भरपाई मिळावी म्हणून कायदा मालकाला जो विमा घ्यायला लावतो, त्याला थर्ड पार्टी म्हणतात. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मोपेडवर फिरून मी हा विमा विकते. या पट्ट्यातल्या गाडीमालकांचं तिसऱ्या माणसाबद्दलचं मत मला पाठ झालंय. त्यांच्या मते तो नसतोच. असलाच तर आंधळा असतो आणि मुद्दाम मधे येतो.

मला मात्र तो पहिल्यापासून आवडला. त्याला कारण आमचं घर. इंदापुरात आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकं पोत्यांनी. वडील चळवळीतले. मोर्चा संपला की उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची, डब्यातली चटणी त्यातच बांधलेली असायची आणि फडताळात कपड्यांखाली 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' अंथरलेलं असायचं. अशा घरातली मुलगी विम्याची एजंट झाली तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मीच म्हणाले, "अण्णा, गाडीवाल्याच्या खिशात हात घालून अनोळखी पायी चालणाऱ्याची सोय करणारी एक तरी योजना तुमच्या पत्रकांत आहे का? ही आहे, आणि ती कायद्यात आहे." त्यांनी जरा विचार केला आणि चहा मागितला. आमच्या घरात याला ठराव मंजूर झाला असं समजायचे.

चालत्या गाडीचं एक वेळ ठीक असतं. पोलिसाच्या धाकानं का होईना, लोक विमा काढतात. माझी खरी कुस्ती उभ्या गाडीशी. दोन-चार वर्षं बंद पडलेली, टायर बसलेली, रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी. तिच्या मालकाला विमा म्हटलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी मेलेल्या माणसाची शाळेची फी मागतेय.

नियम असा आहे. सार्वजनिक जागी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा हवाच. आणि रस्त्यावर गाडी उभी ठेवणं हासुद्धा वापरच, असं कंपनीनं आम्हाला प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. गाडी तुमच्या आवारात, कुंपणाच्या आत असेल तर सक्ती नाही. गाडी वापरात नसल्याचं आरटीओला लेखी कळवायची सोय आहे, पण ती कराच्या भानगडीसाठी. विम्याला तिचा उपयोग नाही. तुमची गाडी रस्त्यावर असेल तर ती कुणाच्या तरी वाटेत आहे, आणि कुणाच्या वाटेत असणं फुकट नसतं.

हे मी लोकांना सांगायची आणि लोक मला उत्तरं द्यायचे. बारामतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची गाडी बंगल्याबाहेर रस्त्यावर होती. त्यांनी तिच्यावर जुनी चादर टाकली आणि म्हणाले, "ती रस्त्यावर नाही, झाकलेली आहे." कळसच्या एका गड्यानं माझ्याकडून थर्ड पार्टी काढली आणि पुढच्याच महिन्यात दारात हजर. शेजाऱ्याच्या म्हशीनं शिंगानं त्याच्या जीपचा आरसा उपटला होता. मी म्हणाले, "या विम्यात तुमच्या गाडीचं काही मिळत नाही, तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं मिळतं." तो म्हणाला, "मग म्हस तिसरीच की. माझी कुठं हाय ती?" त्याला समजावता समजावता माझा चहा गार झाला.

मग मी माझ्या रक्तातलं केलं. पत्रक काढलं. 'उभी गाडीही गाडीच असते' असं वर मोठ्या टायपात, खाली तिसऱ्या माणसाची बाजू, आणि शेवटी वडिलांच्या सवयीनं 'जागे व्हा'. गुरुवारच्या बाजारात वाटलं. लोकांनी मन लावून वाचलं आणि त्यात फुटाणे बांधून नेले.

लासुर्ण्याच्या अलीकडे, कॅनॉलच्या पुलावरून रस्ता उतरतो तिथं गुलाबराव तात्यांचं घर आहे. तात्या ऊसवाले, गावात वजन असलेले. एके काळी त्यांना साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर जायची हौस आली होती. तेव्हा त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली. निवडणुकीत तात्या पडले आणि त्याच महिन्यात गाडीही बंद पडली. तेव्हापासून ती घरासमोर, डांबरी रस्त्याच्या कडेला, उताराकडे तोंड करून उभी होती. पांढऱ्या रंगाचा दुधाळ चहा झाला होता. टायर जमिनीला टेकलेले. तात्यांची मंडळी, म्हणजे आक्का, बॉनेटवर मिरच्या वाळवायच्या. एसटीची वाट बघणारे तिच्या सावलीत बसायचे. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची, आणि त्या अंड्यांना गावात 'मोटारीतली' म्हणत.

गाडी आवारात घ्यायला जागा होती. मी विचारलं, "तात्या, आत का घेत नाही? आत घेतली तर माझीही कटकट संपेल."

"आत घिऊन कुणाला दिसंल?" तात्या म्हणाले. "दारात गाडी उभी पायजे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, हितं माणूस ऱ्हातो."

"मग विमा काढा."

"कशाला? चालतीया का ती?"

"उभा बैल लाथ मारत नाही का, तात्या?"

"आमचा न्हाय मारत."

"बांधलेला असतो म्हणून."

"ही काय सुटलीया व्हय?" असं म्हणून तात्यांनी बंद गाडीच्या टपावर थाप मारली. आतली कोंबडी ओरडत बाहेर आली. मला वाटतं, धोक्याची सूचना देणारी तेवढी एकच होती.

त्याच उताराला, खाली वळणापाशी, म्हाळू टेलरचं पत्र्याचं शेड होतं. म्हाळूचा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. मेंढरं गेली, म्हाळू कळसला मामाकडे शिवण शिकला आणि इथं येऊन बसला. पायानं चालवायचं काळं मशीन, भिंतीला एक कॅलेंडर, दोरीला लटकवलेले ब्लाउज. अख्ख्या वस्तीची मापं त्याला तोंडपाठ होती आणि ती तो कुणाला सांगत नसे, म्हणून बायका त्याच्यावर खूश. मी पुलावरून खाली आले की पहिल्यांदा म्हाळूकडे पाणी प्यायची. तिथं स्टुलावर बसलं की वर तात्यांची गाडी सरळ दिसायची, नाकासमोर.

एकदा मी त्याला म्हणाले, "म्हाळूदादा, त्या गाडीचा तिसरा माणूस तुम्ही आहात."

"पहिला कोन?"

"तात्या."

"मग आपला नंबर लई वर लागला की, ताई." असं म्हणून तो पुन्हा पाय मारायला लागला.

तात्यांना माझ्या पत्रकानं पटलं नाही, ते त्यांच्या होणाऱ्या व्याह्यानं एका प्रश्नात पटवलं. तात्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली. मुलाचे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झालेले हवालदार. चहा घेऊन ते बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि सवयीनं विचारलं, "विमा चालू आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या बारामतीत माझ्या टेबलासमोर. "काढा," म्हणाले.

"काय झालं?"

"काय न्हाय. गाडीचा विमा असावा मानसाकडं."

थर्ड पार्टीला कंपनीचं कुणी गाडी बघायला येत नाही. आमच्या हिशेबानं फुटायचं ते समोरच्याचं, मग गाडीत बघण्यासारखं काय? पॉलिसी त्याच दिवशी झाली. तात्यांनी ती प्लॅस्टिकमध्ये घालून पुढच्या काचेला आतून लावली, अक्षरं बाहेर. म्हणजे विमाही त्यांनी दिसण्यासाठीच काढला. तत्त्वाच्या पहिल्या विजयाकडून माझी वेगळी अपेक्षा होती, पण कमिशन मात्र तेवढंच मिळालं.

लग्न ठरलं. दसऱ्याला व्याही जेवायला येणार होते, म्हणून तात्यांनी गाडीला सजवायचं ठरवलं. इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दसऱ्याला गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, चारी चाकांखाली लिंबू ठेवतात आणि गाडी पुढं घेऊन लिंबं चिरडतात. लिंबं फुटली की वर्षभराची पीडा गेली. तात्यांची गाडी बंद होती तरी ही रीत एकदाही चुकली नव्हती. दरवर्षी चार गडी मागून रेटा द्यायचे. बसलेल्या टायरांवर गाडी वीतभर कुरकुरत सरकायची, लिंबं फुटायची आणि गाडी वर्षभरासाठी पुन्हा झोपायची.

त्या वर्षी मात्र तात्यांनी बारामतीहून मिस्त्री आणला. चारी टायरांत हवा भरून घेतली. गंजून धरलेली चाकं रॉकेल मारून मोकळी केली, ग्रीस भरलं. ब्रेकचं काय, असं मिस्त्रीनं विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "ब्रेक कशाला? चालवायची कुठं हाय?"

मलाही पूजेचं आमंत्रण होतं. आपट्याची पानं घेऊन मी पोहोचले तेव्हा गाडी नवरीसारखी उभी होती. पुढच्या चाकाला अडकवलेला दगड होता. लग्नाचा फोटोग्राफरही बोलावलेला होता. त्यानं डोळ्याला कॅमेरा लावला आणि म्हणाला, "तात्या, फोटोत धोंडा येतोय."

तात्यांनी पायानं दगड बाजूला केला.

चार गड्यांनी दरवर्षीच्या हिशेबानं दरवर्षीइतका जोर लावला. गाडी वीतभर सरकली, लिंबं फट्कन फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाडी थांबली नाही. आधी सगळ्यांना वाटलं, इंजिन लागलं. एक जण खरंच म्हणाला, "तात्या, चालू झाली की." तात्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आनंद आला, तो मी विसरलेले नाही. मग ते हार धरून गाडीबरोबर पळायला लागले. हार तुटून हातात राहिला.

गाडी फार जोरात गेली नाही. वरातीच्या चालीनं गेली. म्हाळू रस्त्याकडे पाठ करून मशीनवर बसला होता, सणाचे कपडे संपवायचे होते. मागं ओरडाआरडा ऐकून त्याला वाटलं, कुणाची तरी मिरवणूक. गाडीनं शेडचा खांब पाडला, मशीन रेटलं आणि म्हाळूचा उजवा पाय मशीनच्या लोखंडी पायडलात सापडला.

कुणाच्या तरी जीपमधून आम्ही त्याला बारामतीला दवाखान्यात नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "ताई, पाटलीणबाईच्या ब्लाउजला हातशिलाई ऱ्हायलीया, तेवढं सांगा."

हाड जुळलं, पण घोटा आखडला तो कायमचा. पाय टेकवून चालता येत होतं, पायडल मारता येत नव्हतं. टेलरचं अर्धं काम हातानं आणि अर्धं पायानं असतं. त्यातलं अर्धं गेलं म्हणजे सगळंच गेलं. म्हाळू काठी टेकत शेडमध्ये येऊन बसायचा आणि त्याची बायको दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं-बटणं करायची. मशीनवर त्यानं घोंगडी टाकली होती.

तात्यांनी दवाखान्याचं सगळं केलं. जेवणाचा डबाही आक्का पाठवायच्या. पण आयुष्यभराच्या पायाची भरपाई डब्यातून होत नाही. मी म्हाळूला म्हणाले, "दावा लावा. याच्यासाठीच विमा असतो."

"तात्यांवर दावा? त्यांनी डबा पाठवायचा आन मी कोर्टात खेचायचं?"

"भरणार कंपनी. तात्यांचं फक्त नाव."

"आमच्या हितं नावच असतंय, ताई. बाकी काय असतंय?"

त्याला समजावायला मला दिवाळी आणि संक्रांत लागली. दावा पुण्याला लागला. मोटार अपघाताच्या दाव्यात गाडीचा मालक पहिला जाबदेणार आणि कंपनी दुसरी. हे मी तात्यांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी समन्स हातात पडल्यावर तात्यांनी ते गावातल्या तीन शहाण्यांकडून वाचून घेतलं आणि तिघांनीही त्यांना सांगितलं की म्हाळूनं तुम्हाला आरोपी केलंय. तात्यांनी म्हाळूशी बोलणं सोडलं. आक्कांना डबा बंद करायला सांगितलं. आक्कांनी तो बंद केला नाही, फक्त मागच्या दारानं पाठवायला लागल्या.

आणि मग कंपनीनं आपली बाजू मांडली. ती वाचून मी माझ्या शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच विचारलं, "साहेब, हे काय आहे?"

कंपनीचं म्हणणं असं होतं की सदर गाडी कित्येक वर्षं बंद होती, नादुरुस्त होती, तिला चालक नव्हता, ती ढकलली गेली. म्हणून ती 'वापरात' नव्हती. वापरात नसलेल्या गाडीच्या अपघाताला कंपनी जबाबदार नाही.

"उभी गाडीही वापरातच असते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"ते विकताना," साहेब शांतपणे म्हणाले. "हे देताना."

इतकं सुटसुटीत वाक्य माझ्या वडिलांच्या एकाही पत्रकात नव्हतं. कंपनीनं मलाच साक्षीला बोलावलं. गाडी बंद होती हे एजंटला माहीत होतं, एवढं माझ्या तोंडून हवं होतं. वकिलांनी तात्यांनाही निरोप धाडला. गाडी भंगार होती, वापरात नव्हती, एवढं तुम्ही कबूल केलं की कंपनी सुटली आणि तुम्हीही सुटलात. मग म्हाळूला कुणीच काही देणं लागत नव्हतं.

तारखेला पुण्याची पहाटेची एसटी आम्ही तिघांनीही पकडली. दुसरी सोयीची गाडीच नव्हती. दावा लावणारा, ज्याच्यावर लावला तो आणि विमा कंपनीची साक्षीदार, असे आम्ही एकाच गाडीत. तात्या खिडकीशी. म्हाळू काठी घेऊन दांड्याला धरून उभा. माझी जागा मी देऊ केली तर म्हणाला, "बसा ताई, पाय दुमडत न्हाय, मधल्या सीटवर बसवत न्हाय." बराच वेळ तात्या बाहेरचे ऊस बघत राहिले. मग तोंड न वळवता बाकाच्या कडेला सरकले आणि खिडकीची जागा रिकामी केली. म्हाळू बसला. त्याला पाय सरळ करायला तात्यांच्या समोरची जागा लागत होती, म्हणून तात्यांना स्वतःचे पाय बाहेर वाटेत घ्यावे लागले. येणारा-जाणारा त्यांच्या पायाला ठेचकाळून बोलत होता.

यवतच्या आसपास भाकरी सोडायची वेळ झाली. तात्यांनी पिशवीतून गाठोडं काढलं आणि थबकले. आक्कांनी दोघांची भाकरी एकाच फडक्यात बांधली होती. एक ठेचा, एक कांदा. वेगळं करायला काही नव्हतंच.

"खा," तात्या म्हणाले. कित्येक महिन्यांनंतरचा तो पहिला शब्द.

"तुमी घ्या आधी."

"खा की म्हणतोय. आक्का इचारंल."

कोर्टात आधी माझी साक्ष झाली. वकिलांनी विचारलं, "गाडी बंद होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तुम्ही बंद गाडीचा विमा उतरवलात?"

"हो. रस्त्यावर उभी गाडी वापरातच असते, असं आम्हाला कंपनीनं शिकवलंय. मी तसं सांगूनच विमा विकते." एवढं बोलून मी थांबायला हवं होतं, पण माझं बालपण आड आलं. "तसं पत्रकही मी काढलंय," मी म्हणाले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. वकिलांनी मला खाली उतरायला सांगितलं.

मग तात्या. धोतर, कोट, फेटा. कारखान्याच्या निवडणुकीचा अर्ज भरायला गेले असतील तेव्हाही असेच गेले असतील. वकिलांनी सोपं काम समजून सुरुवात केली.

"गाडी बरीच वर्षं बंद होती?"

"व्हय."

"इंजिन चालत नव्हतं?"

"न्हाय."

"त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या?"

"एकच कोंबडी."

कोर्टात जरा हसू झालं. वकिलांना चेव आला. "म्हणजे गाडी भंगारच होती, बरोबर?"

तात्यांची मान वर झाली. "भंगार?"

"तिचा कसलाही वापर होत नव्हता, एवढंच सांगा."

तात्यांनी फेटा सारखा केला. वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. हो म्हटलं की घरी जायला मोकळे, आणि गावात कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, "गाडी चालत नव्हती, तर इतकी वर्षं रस्त्यावर कशासाठी ठेवली होती?"

तात्यांनी म्हाळूकडे बघितलं. तो मागच्या बाकावर एक पाय लांब करून बसला होता.

"दाखवायला, साहेब," तात्या म्हणाले.

"काय दाखवायला?"

"मी कोन हाय ते." तात्यांचा आवाज बारीक झाला. "कारखान्याला पडलो, मग लोक इचारतील म्हणून गाडी दारात ठिवली. पोरीचं लगीन जमलं त्या गाडीवर. धोंडा बी मीच काढला, फोटोत दिसत हुता म्हणून. रोज वापरत हुतो साहेब मी ती गाडी. एक दिस वापरली न्हाय असं झालं न्हाय."

वकील म्हणाले, "हा वापर कायद्यात बसत नाही."

"ते मी ठरवीन," न्यायाधीश म्हणाले आणि लिहायला लागले.

निकाल लागायला आणखी बरेच महिने गेले. गाडी रस्त्यावर ठेवणं आणि रस्त्यावर हलवणं हा वापरच आहे, भरपाई कंपनीनं द्यावी, असं त्यात होतं. वापर कशासाठी, याच्यात कोर्ट शिरलं नाही. आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या?" मी म्हणाले, "तिसऱ्याच्या." त्या वर्षीच्या सत्कारात माझं नाव नव्हतं. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी न मागता मला चहा करून दिला.

या सगळ्यात म्हाळूच्या हातातला बराच काळ गेला. दोन हंगाम लोकांनी कपडे बारामतीला शिवायला टाकले आणि त्यातली काही गिऱ्हाइकं म्हाळूकडे परत आलीच नाहीत. कायदा तिसऱ्या माणसाच्या बाजूनं असतो, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचतो बैलगाडीनं, याचं मला अजून वाईट वाटतं. तरी पोहोचला. म्हाळूनं मशीनला विजेची मोटर बसवून घेतली. आता ती गुडघ्यानं चालते, घोटा लागत नाही. वीज गेली की तो बायकोला हाक मारतो आणि ती पाय मारते.

मोटर बसल्यावर त्याच्याकडे पहिलं मोठं काम आलं ते तात्यांचं. गाडीला खाकी कव्हर. तात्यांनी गाडी आवारात घेतली होती. या वेळी मागून दोर बांधून, पुढं आणि मागं धोंडे देत, वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून. म्हाळू टेप घेऊन लंगडत गाडीभोवती फिरला, मापं घेतली आणि कुणाला सांगितली नाहीत.

त्याच आठवड्यात पॉलिसीचं आणखी एक वर्ष संपत होतं. मी गेले तेव्हा तात्या अंगणात खुर्चीवर आणि म्हाळू जोत्यावर बसून कव्हरच्या कडेला नाडी ओवत होता. मोपेड लावली आणि जे तत्त्वानं सांगायला हवं ते सांगितलं. "तात्या, गाडी आता आवारात आहे. रस्त्यावर नाही. विम्याची सक्ती नाही. नाही काढलात तरी चालेल."

"काढा."

"नको तात्या. उगीच खर्च."

"काढा म्हणतोय. म्हाळू येतोय की हितं रोज."

म्हाळूनं मान वर केली नाही, पण सुई थांबली.

"आवारातल्या गाडीनं काही झालं तर कंपनी पुन्हा वकील उभा करेल," मी म्हणाले.

"करू द्या," तात्या म्हणाले. "कोर्टात काय बोलायचं ते आता मला म्हाईत हाय."